तिच्या तानपुऱ्याची घोडी

बायको गेली आणि तिचा तानपुरा माझ्या गळ्यात पडला. सांगलीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्यानं कायम माझ्यापेक्षा जास्त जागा अडवली. उजेडाचा कोपरा त्याचा, मी आपला दारात पेपर वाचत. "तुला नवरा हवा होता की भोपळा?" असं मी विचारायचो, आणि ती तारेवरचं बोट न काढता हसायची.

ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. परवा मीच तार छेडली, तर नुसता कोरडा आवाज आला. मला रागच आला. तिचं एकेक सगळं चाललंय, निदान हा आवाज तरी राहू दे. पूर्वीसारखा घुमताना एकदा ऐकायचा होता मला, बाकी काही नको होतं.

मिरजेहून तानपुरे दुरुस्त करणारे चाचा आले. आमच्या लग्नापासून तानपुरा त्यांच्याच हाताखालचा. ती गेली तेव्हा आमच्या पायरीवर बसून रडले होते. भोपळ्यावरच्या घोडीवरून त्यांनी बोट फिरवलं. तारा जिच्यावर टेकतात ती ही घोडी. तिचा हाडाचा माथा अगदी किंचित उतरता असतो; तार त्याला हलकेच घासत थरथरते, म्हणून आवाज घुमतो.

"तारांनी खाचा पाडल्यात," चाचा म्हणाले. "लय गायल्यात वैनी. घासून सपाट कराय लागंल."

"म्हणजे या खाचा जाणार?"

"जाणारच की. आवं, त्या ठेवल्या तर आवाज न्हाई."

त्या खाचा तिच्या होत्या. तिनं रोज सकाळी बसून पाडलेल्या. मी त्यांवरून एकदा बोट फिरवलं, मग म्हटलं, घासा.

दुपारभर कानस चालली. सतरंजीवर पांढरी पूड पडत होती आणि मला ती बघवत नव्हती. शेवटी त्यांनी तारा चढवल्या, प्रत्येक तारेखाली सुती दोरा घातला, तो केसभर मागंपुढं सरकवला, आणि घर एकदम भरून गेलं. तोच आवाज.

चाचांनी डोळे मिटून कान भोपळ्याशी नेला. एवढी वर्षं याच वेळी ती सा लावायची, आणि तिचा सूर तारांत मिसळला की मगच त्यांचं काम संपायचं. मान खाली घालूनच ते सवयीनं म्हणाले, "हां वैनी, लावा सा."

त्यांचा हात चालूच राहिला. आम्ही दोघं म्हातारे वाट बघत बसलो, आणि ती काही गायली नाही.