दुसऱ्या व्हायोलिनची खूण

आधीच सांगते, मी काही मोठ्या मनाची वगैरे नाही. क्षमा करणारी माणसं जगात भरपूर आहेत, त्यांनी खुशाल करावी. माझ्या ताईला ज्याने रडवलं त्याला साधी ठेच लागल्याचं ऐकलं तरी माझा दिवस बरा जातो. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटत नाही, मजा वाटते.

ताई, म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, जुन्या गाण्यांच्या एका संग्रहात काम करते. पोस्टाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्या. पहिलीत भिंतभर तबकड्या, सगळ्या उभ्या लावलेल्या, कारण आडव्या रचल्या की वाकतात. दुसरीत त्या धुवायचं टेबल, मऊ ब्रश आणि वाजवायचं यंत्र. तिसरी खोली काचेची, ऐकायची. एवढ्याशा जागेतून ती गाणी इंटरनेटवर जातात आणि जगात कुठेही बसलेला माणूस ती फुकट ऐकतो. प्रत्येक गाण्याचं एक पान असतं: गायलं कोणी, चाल कोणाची, साल कुठलं, वाजवायला कोण कोण होतं. त्या पानांवर काय लागायचं ते ताई बघते. माझं चष्म्याचं दुकान रस्त्याच्या पलीकडे. मी डोळ्यांचा धंदा करते, ती कानांचा. दुपारी डबा घेऊन मी तिच्याकडे जेवायला जाते, त्यामुळे तिथलं बहुतेक सगळं मला माहीत असतं, आणि जे नसतं ते मी काढून घेते.

आता गायकाचं नाव तबकडीवर छापलेलं असायचं. मागे वाजवणाऱ्यांना कोण विचारतो? त्यांची नावं कुठेच नाहीत. म्हणून संग्रहाचा एक नियम आहे, त्याला तिथे सगळे ‘दोन कान’ म्हणतात. त्या वादकाला प्रत्यक्ष ऐकलेल्या दोन माणसांनी वेगवेगळं बसून गाणं ऐकायचं आणि ‘हा अमुकच’ असं सांगायचं. नुसतं सांगून भागत नाही. कशावरून ओळखलं आणि गाण्यात कुठे, हे लिहून द्यायचं, म्हणजे कोणालाही ते लावून ताडून बघता येतं. ती खूण पानावर जाहीर लागते. नात्यातल्यांची साक्ष चालत नाही, नाहीतर प्रत्येकाचा काका थोर वादक निघेल. आणि कव्हरवर जे छापलंय ते चुकीचं असलं तरी दोन कान उलट सांगेपर्यंत तसंच राहतं.

हा शेवटचा नियम ताईच्या जिवावर उठला.

माझे एकेकाळचे भावोजी व्हायोलिन वाजवायचे. नाकीडोळी नीट, बोलणं गोड, आणि स्वतःवर जीव एवढा की दुसऱ्यासाठी उरायचाच नाही. ताईही वाजवायची. घरात सराव दोघांचा, पण त्याचा सकाळपासून आणि तिचा भांडी आवरल्यावर. मी तेव्हा शिक्षणासाठी त्यांच्याकडेच राहत होते, भिंतीला पाठ लावून अभ्यास करायचे, म्हणून मला दोघांचं वाजवणं झोपेतसुद्धा वेगळं कळायचं. मग एका कंपनीने त्यांची तबकडी काढायचं ठरवलं. गाणं नाही, नुसती दोन व्हायोलिनं आणि मागे ड्रम. ताईने गॅसजवळ उभं राहून, एकीकडे दूध उतू जातंय का बघत, आपली बाजू बसवली. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिने माझी निळी ओढणी घेतली होती. इतकी खूश मी तिला नंतर कधी पाहिली नाही.

तबकडी आली. पहिलं व्हायोलिन: तो. दुसरं व्हायोलिन: भलतीच बाई! त्याच्याकडे शिकायला येणारी, जिला तेव्हा धड गजही धरता येत नव्हता. “कंपनीची चूक आहे गं,” तो म्हणाला, “पुढच्या छपाईत दुरुस्त होईल.” पुढची छपाई काही झाली नाही. घटस्फोट झाला, आणि त्या बाईशी लग्न झालं. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी. ताई मूग गिळून गप्प बसली. मी गप्प बसणाऱ्यातली नाही, पण माझं ऐकतो कोण? ताईने व्हायोलिन पुन्हा हातात धरलं नाही.

पुढे ती संग्रहात लागली आणि एक दिवस देणगीच्या खोक्यातून नेमकी तीच तबकडी निघाली. ताईने ती धुतली, वाजवली, चढवली आणि पान तयार केलं. दुसऱ्या व्हायोलिनपुढे तिने स्वतःच्या हाताने त्या बाईचं नाव टाईप केलं. मला कळलं तेव्हा मी डबा टेबलावर असा आपटला की आमटी भिंतीवर गेली.

“नियम आहे,” ताई म्हणाली.

“खड्ड्यात गेला नियम! मी सांगते ना कोणी वाजवलंय ते!”

“तू बहीण. चालत नाही.”

ड्रमवाले काका तेवढे हयात होते. त्या रेकॉर्डिंगला मागे ड्रमवर तेच. बिचाऱ्यांनी कोणी न सांगता येऊन ताईच्या बाजूने एक कान लिहून दिला. पण दुसरा? रेकॉर्डिंग करणारा गेला, कंपनीवाले गेले. उरला तो, आणि ती बाई. म्हणजे ताईचं नाव त्याच्या कानात अडकलेलं.

पण देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात ना, तसं झालं. या गृहस्थाने ऐन भरात शेकडो गाण्यांमागे वाजवलं होतं आणि एकावरही त्याचं नाव नव्हतं. एक एक गाणं संग्रहात येऊ लागलं. ड्रमवाल्या काकांनी, सरळ माणूस, त्याच्याही बाजूने सगळीकडे कान लिहून दिला. दुसरा कान? त्याची बायको नात्यातली, मी तर मेले तरी देणार नव्हते, उरली एकच, माझी ताई. कायद्याने नातं तुटलेलं, त्यामुळे साक्ष चालत होती. घटस्फोटाचा तेवढा एक फायदा.

आणि ताईला त्याला ओळखायला क्षणही लागत नसे. प्रत्येक ओळ सुरू करण्याआधी नाक ओढायची त्याची सवय. सूं! मग गज. माइकच्या जवळ बसायचा हट्ट, त्यामुळे ते बारीक सूं प्रत्येक गाण्यात उतरलंय. ताई हेडफोन लावायची, एकदा ओठ आवळायची आणि पुढचं गाणं घ्यायची. पानावर राहायचं: ‘व्हायोलिन: अज्ञात. दुसऱ्या कानाची प्रतीक्षा.’

“खोटं लिहितेस म्हण की,” मी तिला चिडवलं.

“खोटं कुठे? मी काहीच लिहिलेलं नाही. सवड होत नाही.”

सवड तिला वर्षानुवर्षं झाली नाही. मला तर रोज जेवण गोड लागायचं. तू माझ्या बहिणीचं एक नाव खाल्लंस, घे, आता तुझी शेकडो गिळली. जशास तसं!

शेवटी स्वारी नाक घासत आली. झालं असं की सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे तो रोज फुशारक्या मारायचा, अमक्या गाण्यात मी, तमक्या गाण्यात मी. कोणीतरी फोन काढून संग्रहात शोधलं. त्याच्या नावावर एकच तबकडी! झालं, हसून हसून म्हाताऱ्यांचे दात पडायची वेळ आली. तेव्हा त्याला ताई आठवली.

मी तेव्हा तिथेच होते, आणि मुद्दाम उठले नाही.

“कशी आहेस?” तो म्हणाला. केस पिकले होते, गोडवा तोच.

“काम बोला,” ताई म्हणाली. एकेकाळी त्याला ‘अहो’ म्हणायला लाजायची ती.

“अगं, साधी गोष्ट आहे. तू माझ्या गाण्यांवर सह्या कर, मी तुझ्या तबकडीवर करतो. फिट्टंफाट. झालं गेलं विसरून जाऊ.”

विसरून जाऊ! पैठणी फाडणाऱ्याने सुई देऊ करावी तसा थाट. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई उठली. मला वाटलं रागाने. राग नव्हता तो, आशा होती. एवढ्या वर्षांनी आपलं नाव लागणार म्हणून.

“सही नाही लागत. ऐकावं लागतं,” ती म्हणाली. “मला कशावरून ओळखलं आणि कुठे, तेवढं लिहून द्या.”

“हात्तिच्या, एवढंच?”

तो काचेच्या खोलीत बसला, हेडफोन लावला, डोळे मिटले आणि मान डोलवू लागला. मध्येच हसला, आम्हाला आत बोलावलं आणि तबकडी थोडी मागे घ्यायला लावली. स्पीकर लावून, आवाज मोठा करून म्हणाला, “ही जागा ऐक. बघ, कसा घेतलाय वरचा सूर! अजून अंगावर काटा येतो. आजकालच्या पोरांना जमेल का? तेव्हा माझा हातच तसा होता.”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही ती जागा भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ होती. ती त्याची नव्हती. तिच्याआधी सूं नव्हतं. ती ताईची होती.

“आणि मी?” ताईने विचारलं.

“तू... तू मागे आहेस ना. छान आहेस. दुसऱ्या व्हायोलिनकडे एवढं बारीक कोण लक्ष देतं? लिही ना तूच काहीतरी, मी सही ठोकतो.”

ताईने त्याला दार दाखवलं. मग मला म्हणाली, आणि हे ती रडत म्हणाली, “एवढी वर्षं मला वाटायचं त्याने मुद्दाम केलं. मुद्दाम करायला तरी आधी ऐकावं लागतं गं. त्याने मला ऐकलंच नाही. एका खोलीत बसून एकदाही नाही.”

मी त्याच्या नावाने बोटं मोडली. ताईने तोंड धुतलं आणि कामाला बसली.

पुढच्या आठवड्यात बघते तर काय, ती त्याच्या एकेका गाण्यावर दुसरा कान देत सुटलेली. ‘अज्ञात’ जाऊन त्याचं नाव लागत होतं.

“डोकं फिरलं का तुझं?” मी ओरडले. “त्या दगडाला नाव देतेस?”

“खूण वाच,” ती म्हणाली.

मी वाचली. ‘प्रत्येक ओळीआधी नाक ओढल्याचा आवाज येतो. पहिला आवाज सुरुवातीलाच. वरच्या सुराला पोचताना किंचित खाली राहतो.’ पुढचं गाणं उघडलं, तिथेही तेच. त्याच्यापुढचं, तेच. जगभर जाहीर, आणि एक अक्षर खोटं नाही. मी हसले, हसले, पोट धरून खुर्चीतच बसले.

लोकांचं कसं असतं, एकदा कानाला सांगितलं की कान सोडत नाही. पानांखाली ऐकणारे लिहू लागले: ‘अरे देवा, खरंच की!’, ‘आता गाणं ऐकूच येत नाही, नाकच ऐकू येतं.’ काही पानं तर मीच ओळखीच्यांना पाठवली, खोटं कशाला बोलू. बागेतले म्हातारे त्याला बघून ‘नमस्कार’ म्हणायच्या आधी एकसाथ सूं करायला लागले. त्याने बाग बदलली.

मग आला तो फणफणत. “काढ ते! माझी अब्रू घेतलीस तू!”

“चूक आहे का काही?” ताईने शांतपणे विचारलं.

उत्तर द्यायला त्याने श्वास घेतला, आणि काय सांगू, नाक ओढलं. मी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

“साक्षीदाराला आपली खूण बदलता येते,” ताई म्हणाली. “मी बदलेन. तुमचा गज चांगला चालायचा, ते लिहीन, आणि तेही खरंच आहे. पण आधी त्या तबकडीत मला ओळखा. कशावरून, कुठे. तुमच्या शब्दांत.”

तेव्हापासून तो येतो. सकाळी येतो, काचेच्या खोलीत बसतो, तीच तबकडी ऐकतो आणि कागदावर लिहून आणतो. पहिल्यांदा लिहिलं, ‘मधुर वाजवते.’ ताई म्हणाली, मधुर सगळेच वाजवतात. मग लिहिलं, ‘बोट जरा जड.’ जड बोट त्याचंच होतं, ताईने लावून दाखवलं. त्या तिखट बाईलाही विचारून आला असावा, कारण एकदा कागदावरचं अक्षर वेगळं होतं. तेही चुकलं. ताईची खरी खूण काय ते मला माहीत आहे. मी ती इथे लिहिणार नाही. हा मेला वाचेल आणि उतरवून नेईल.

काल मी डबा घेऊन गेले तेव्हा तो आतच होता. मान डोलवत नव्हता. पुढे वाकून, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून बसला होता. आम्ही जेवत होतो तेवढ्यात तो बाहेर आला. डोळे लाल, हातात कागद नाही. ताईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “ती वरची जागा तुझी आहे. माझी नाही. किती सुंदर वाजवायचीस गं तू. मी कधी ऐकलंच नव्हतं.”

माझा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ही विरघळणार.

ताईने त्याच्याकडे पाहिलं, अगदी सावकाश पाहिलं. मग हात पुसून उठली आणि यंत्राकडे गेली.

“कशावरून माझी, ते नाही सांगितलंत,” ती म्हणाली. “बसा. पुन्हा लावते.”