वैशालीच्या जागेवर

निघायच्या दिवशी आईने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, माझ्या बॅगेची चेन पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि विचारलं, "वैशाली येल ना गो घ्यायला?" मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, "येल की. तीच तर हाय तिथं." एवढं बोलून ते अंगणातल्या जीपकडे गेले आणि बॅगा चढवू लागले. आळीतल्या बायका डांबरी रस्त्यापर्यंत चालत आल्या. आमचं खर्डी गाव मागे पडलं तेव्हा मला रडू आलं नाही. वैशाली होती ना तिकडे.

वैशाली मुरबाडची. कल्याणला बी.एड.ला आम्ही एका बाकावर बसायचो. नंतर मी शहापूरच्या एका कॉलेजात तासिकेवर विज्ञान शिकवत राहिले. दर जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा, मग बोलावणं येतंय का याची वाट बघायची. ती मात्र टांझानियात एका इंटरनॅशनल बोर्डिंग शाळेत गेली. फोनवर म्हणायची, "तू ये गो. एका खोलीत राहू. मी आहे ना." घराबाहेर मी कधी एकटी राहिले नव्हते. कल्याणला जायचे तेसुद्धा संध्याकाळी घरी परतायचे. तिच्या त्या 'मी आहे ना'वर मी परदेशी निघाले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

विमानतळावर तिने मला घट्ट मिठी मारली. शाळा डोंगराच्या पायथ्याशी होती, भोवती कॉफीचे मळे, माती आमच्या माळासारखीच तांबडी. खोलीत दोन पलंग होते, माझ्या पलंगावर नवी चादर घातलेली. थोरांना भेटताना 'शिकामू' म्हणायचं, कुणी ठेचकाळलं, कुणाचं काही बिनसलं की 'पोले' म्हणायचं, हे तिनेच शिकवलं. तुला लागलंय ते मला दिसतंय, असा काहीसा त्याचा अर्थ. संध्याकाळी हॉटप्लेटवर आम्ही वरणभात लावायचो. मी आईला फोनवर सांगितलं, मुरबाडला वैशालीकडे राहायला आल्यासारखंच वाटतंय.

पुढच्याच आठवड्यात स्टाफ मीटिंग होती. प्रिन्सिपलबाईंनी वैशालीला उभं केलं आणि तिच्या कामाबद्दल आभार मानले. मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या की जाण्याआधी वैशालीने आपल्या जागी इतकी चांगली शिक्षिका आणून दिली, हे शाळेचं भाग्य. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय ऐकलं ते टाळ्या थांबल्यावर ध्यानात आलं.

खोलीत आल्यावर तिने काही लपवलं नाही. तिला दुबईच्या शाळेत नोकरी लागली होती. करार संपायच्या आत सोडायचं तर बदली माणूस द्यावा लागत होता. लहान मुलींचं वसतिगृहही तिच्याकडेच होतं, तेही आता माझ्याकडे येणार होतं. दिवसभर वर्ग आणि रात्री आईसाठी रडणाऱ्या मुली. त्यालाच ती कंटाळली होती. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? ती चादरीची घडी घालत म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, तिला बोलू नको."

वैशालीचा राग मी तिच्याबरोबर दुबईला पाठवू शकले. बाबांचा कुठे पाठवणार?

फोनवर विचारायचं नाही असं ठरवलं. वर्षभर वर्ग घेतले, मुलींच्या वेण्या घातल्या, तापात त्यांच्या उशाशी बसले. मुली मला 'म्वालिमू' म्हणू लागल्या, म्हणजे बाई. काम वाईट नव्हतं. खरं सांगते, त्यातलं बरंच मला आवडायला लागलं होतं. पण रविवारी आईशी बोलून झालं की आई फोन बाबांकडे द्यायची, आणि माझ्याकडे बोलायला भातलावणीपलीकडे काही नसायचं.

सुट्टीत घरी गेले. बाबा खळ्यावर होते. मी थेट विचारलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"एकटी जायचं म्हटलं असतं तर गेली असतीस का?"

"नसते गेले."

"मग? शापूरला आयुष्यभर तासिकेवर राह्यली असतीस. मी काय वाईट केलं?"

मी म्हटलं, तुम्ही मला विचारायला हवं होतं. ते म्हणाले, "तुझ्या भल्याचंच केलं ना?" आणि पुन्हा सूप उचललं. आई घरातून ऐकत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या रात्री ती बाबांशी बोलली नाही, आणि मला त्याचंही वाईट वाटलं. बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं.

करार संपायला काही महिने उरले तेव्हा मीही परतायचं ठरवलं. प्रिन्सिपलबाई म्हणाल्या, तुमच्याकडचं कुणी सुचवा, म्हणजे सत्राच्या मध्येच मोकळं करता येईल. शहापूरची माझी एक जुनी विद्यार्थिनी बी.एड. होऊन घरी बसली होती. तिला फोन केला. पगार, डोंगर, लायब्ररी सांगितली. मग वसतिगृह सांगितलं, रात्री सांगितल्या, आणि तू आलीस की मी इथे नसेन, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मग नाय जमणार मॅडम." मी म्हटलं, बरं केलंस स्पष्ट बोललीस. मुलींना तशाच सोडून जाववेना, म्हणून नव्या करारावर सही केली.

गाव सोडून गेलेले आणि गावातच राहिलेले, तुम्ही सगळे मला विचारता, घराची आठवण येते का? येते. आमच्या घरात कुणी काही सांगितलं की ते पुन्हा विचारावं लागत नसे. माझ्या लेखी घर म्हणजे तेच होतं.

गेल्या रविवारी फोन बाबांनीच उचलला. म्हणाले, "आई झोपलीय. सर्दी झालीय तिला, दुसरं काय नाय." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि लगेच शेजारच्या काकूंना लावला. त्या ओट्यावरून उठून आमच्या घरात डोकावून आल्या. म्हणाल्या, सर्दीच हाय गो, काढा पिऊन निजलीय.

सर्दीच होती. बाबा खरं बोलत होते. मी वसतिगृहाच्या पायरीवर बसले आणि घर सोडताना न आलेलं रडू तेव्हा आलं.