रिकाम्या इमारतीचं धुणं

आक्काला म्हातारपणी नोकरी लागली ती नसलेल्या माणसांचे कपडे वाळत घालायची. ऐकणाऱ्याला थट्टा वाटे, पण काम खरं होतं, पगार खरा होता, आणि मुख्य म्हणजे कामाबरोबर राहायला घर होतं.

त्याचं असं झालं. शहर संपून शेतं सुरू होतात तिथे एका बिल्डरने टाउनशिप काढली. फाटक एवढं दांडगं, की आतली एकुलती एक इमारत त्याच्यामागे ओशाळून उभी असल्यासारखी दिसे. कारंजं होतं, त्यात पाणी नव्हतं. हिरवळ होती, ती शेजारच्या शेतातल्या शेळ्या चरत. जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत या’ असं छापलं होतं आणि ते फक्त शेळ्यांनी मनावर घेतलं होतं. रविवारी माणसं गाड्या घेऊन घर बघायला येत, माना वर करून बंद खिडक्या बघत, “इथं तर चिटपाखरू नाही,” म्हणत आणि आल्या पावली परत जात. ओसाड इमारतीत पहिलं राहायला जायची कोणाची छाती होईना.

विक्रीचं काम बघणारा पोरगा भर उन्हातही टाय सोडत नसे, म्हणून रखवालदाराने त्याचं नाव टायसाहेब ठेवलं होतं. कल्पना त्याचीच. दोऱ्यांवर कपडे दिसले की घरात माणसं आहेत असं लोक धरून चालतात, हे त्याने हेरलं आणि जुन्या बाजारातून गाठोडीच्या गाठोडी कपडे आणले.

आक्काची सगळी नोकरी इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेलेली. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती भावाकडे राहायची. तिथे तिची खाट आधी आतल्या खोलीत होती. भाचा मोठा झाला तशी ती स्वयंपाकघरात आली, भाचीच्या अभ्यासाचं टेबल आलं तशी व्हरांड्यात गेली. आणखी एक भाचरू झालं असतं तर खाट रस्त्यावरच आली असती. वहिनी वाईट नव्हती, घर लहान होतं.

“इमारत भरेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला फ्लॅट तुमचा,” टायसाहेब म्हणाला. आक्काने त्यातलं ‘तुमचा’ तेवढं ऐकलं. पहिल्या दिवशी तिने दार आतून लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग खोलीच्या अगदी मधोमध पाय पसरून बसली आणि चहा प्यायली. “आक्का, जरा सरकता का?” म्हणणारं कोणी नव्हतं. तिला इतकं सुख झालं की चहा निवला तरी ती उठली नाही.

काम मात्र तिने जीव ओतून केलं. टायसाहेबाला वाटलं होतं, चार चादरी लटकवल्या की झालं. पण कपडे बघून माणूस ओळखण्यात जिचा जन्म गेला, ती असं पाट्या टाकल्यासारखं कसं करील? तिने तिसऱ्या मजल्यावर नवं जोडपं बसवलं. चौथ्यावर कडक इस्त्रीचे शर्ट घालणारा एक खडूस वकील आणला. जोडप्याचं भांडणही लावलं. आठवडाभर नुसतेच पुरुषाचे कपडे, तेही सुरकुतलेले. रखवालदार रोज खालून ओरडायचा, “काय आक्का, आली का नाही सूनबाई माहेरहून?”

“नाक रगडल्याशिवाय येते होय?” आक्का वरून सांगायची. पुढे त्या दोरीवर झबली आणि दुपटी आली, तेव्हा रखवालदाराने स्वतःच्या पैशांनी पेढ्यांऐवजी गोळ्या वाटल्या. घ्यायला आक्का आणि शेळ्यांचा मालक असे दोघेच होते.

लोक फसले. एका महिन्यात तीन फ्लॅट गेले. घेणाऱ्यांनी कुलपं लावली आणि भाव वाढायची वाट बघत आपापल्या गावी बसले, ते सोडा. टायसाहेब नाचतच वर आला. “आक्का, कमाल केलीत! असंच चाललं तर वर्षात इमारत भरते बघा!”

आक्काने हातातली चादर खाली ठेवली. ‘भरेपर्यंत’ हा शब्द तिला आत्ता कुठे ऐकू आला. बसली होती त्याच फांदीवर ती मन लावून कुऱ्हाड चालवत होती. व्हरांडा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि ती भ्यायली.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीतली माणसं बिघडली. पाचव्या मजल्यावर सात गाद्या वाळत पडल्या, प्रत्येकीवर मधोमध ओला डाग. खालच्याच घरावर पायपुसणी निथळू लागली. वकिलाने घर सोडलं आणि त्याच्या जागी एवढ्या मोठ्या चड्ड्या आल्या की त्यांच्या मालकाशी भांडायची कोणाची हिंमत होऊ नये. शेवटी आक्का स्वतः जुन्या बाजारात गेली आणि बँडवाल्यांचे लाल कोट घेऊन आली. सोनेरी गोंड्यांचे, अकरा नग.

रविवारी एक कुटुंब आलं. नवऱ्याला सगळं पसंत पडलं. बायको वर बघत म्हणाली, “सात-सात पोरं अंथरूण ओलं करतात, वर बँडचा तांडा. इथं राहायचं तर मला आधी माहेरी सोडा.” टायसाहेबाला काही कळेना. दोरीवर काय आहे ते पुरुषमाणसाला स्वतःचा टॉवेल हवा असतो तेव्हाच दिसतं.

आक्का दाराआड हसून घ्यायची. तीन महिने एक फ्लॅट गेला नाही.

मग एक म्हातारे गृहस्थ आले. मोठ्या रस्त्यावर बस सोडून चालत आलेले, गुळगुळीत दाढी, हातात काळी पेटी. फाटकातूनच ते कोटांकडे बघून उजळले. “घर घेतो,” ते टायसाहेबाला म्हणाले. “आत्ता सही करतो. फक्त या बँडवाल्यांच्या शेजारचं द्या.”

टायसाहेब कागद आणायला पळाला, आणि आक्काला म्हणाला, “काकांना जरा वर दाखवा.”

जिन्यात म्हातारे बोलत होते. पोलीस बँडात ट्रंपेट वाजवायचे. निवृत्त झाल्यापासून दोन घरं शेजाऱ्यांच्या तक्रारींनी सोडली, आता मुलाकडे होते. “सून गुणी आहे हो. पण मी पेटीला हात लावला की तिच्या कपाळाला आठी पडते. बायकोचं घर विकून आलेले पैसे आहेत, तेवढेच. म्हटलं, वाजवणाऱ्यांच्यात जाऊन राहू. ते तर तक्रार करणार नाहीत?”

आक्काचा पाय पायरीवरच अडला. लोकांना पळवून लावणं वेगळं आणि हे वेगळं. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, घरही जाणार. नाही सांगितलं तर हा माणूस शेवटचे पैसे घालून अकरा रिकाम्या कोटांचा शेजारी होणार.

“अहो, इथं बँडवाले नाहीत,” ती म्हणाली. “कोणीच नाही. गाद्यांवर मीच पाणी ओतते.”

तिने सगळं सांगितलं. व्हरांड्याचंही सांगितलं, जे भावाच्या लाजेखातर ती कुणालाच सांगत नसे. म्हातारे ऐकत ऐकत पायरीवर बसले. त्यांचा चेहरा पडला होता आणि आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“म्हणजे वरती कोणी नाही?”

“नाही.”

“खालीही?”

“खाली रखवालदार. तो एका कानाने बहिरा आहे.”

म्हाताऱ्यांनी पेटी उघडली आणि तिथेच जिन्यात एक सूर लांबवला. रिकाम्या मजल्यांनी तो असा काही परत दिला की हिरवळीवरच्या शेळ्या फाटकाबाहेर गेल्या. आक्काने कानांवर हात ठेवले. म्हातारे पहिल्यांदाच हसले.

“तुमच्या समोरचा फ्लॅट कुणी घेतलाय?”

“नाही अजून.”

“मग तो मी घेतो. आणि आक्का, उद्यापासून तेवढं गाद्यांवर पाणी नका ओतू. उगाच कंबर मोडते.”

टायसाहेबाने सही होताच हात चोळले. “बघा, माणसाला बघून माणूस येतो. आता रांग लागेल!”

रांग खरंच लागली. पुढच्या रविवारी फाटकापाशी दोन गाड्या थांबल्या. पहिलीतून एक गृहस्थ उतरले, त्यांनी स्वच्छ हवा छातीत भरून घेतली, तेवढ्यात आक्काच्या समोरच्या फ्लॅटची खिडकी उघडली आणि ट्रंपेट कडाडलं. टायसाहेब वर बघून हातवारे करत होता, पण घर म्हाताऱ्यांचं होतं, विकत घेतलेलं. त्यांना कोण सांगणार? गृहस्थ अर्ध्या श्वासात गाडीत बसले आणि गाडी जागच्या जागी वळली.

आक्का आपल्या बाल्कनीत चहाचा कप घेऊन उभी होती.

“गेले का?” समोरून आवाज आला.

“गेले,” आक्का म्हणाली. “पण मागे दुसरी गाडी आहे. दम राखून ठेवा.”