जित्या गळ्याचं माप

शाळेत पाहुणा येणार असला की सरूबाई त्याच्यासाठी ओवलेला हार आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघायची. ती वलगावची, घरचं झेंडूचं वावर, आणि आमच्या अमरावतीच्या शाळेत सेविका. मी एकदा हटकलं, तर म्हणाली, "देवाचा हार नाही मापत मी. देवाची मान मले ठाऊक हाय. पाव्हन्याची कुठं ठाऊक हाय?"

हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, आवाज पटांगणाच्या टोकापर्यंत पोचणारा. भिण्याचं काम तिनं माझ्यावर सोडलं होतं. मी विज्ञानाची शिक्षिका. वर्गात ग्रहण समजावणार आणि फाटकाबाहेर मांजर आडवं गेलं की तीन पावलं मागं सरणार. सरूबाईनं ते बघितलं होतं. "बाई, मांजर तुमाले भेते न तुमी मांजराले. दोघाईत शिकलेलं कोन?"

बारा-तेरा वर्षांपूर्वी शाळेत 'देश-ओळख सप्ताह' झाला. चिठ्ठीत माझ्या वर्गाला मेक्सिको आला. तिथं एक सण असतो. गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, झेंडू वाहतात, त्यांच्या आवडीचं खायला ठेवतात, म्हणजे ती घरी भेटायला येतात. झेंडूची सोय होतीच, म्हणून मी खूश! मुलांना घरून फोटो आणायला सांगितले आणि पालक खवळले. "आजोबांना भिंतीवरून उतरवून शाळेत पाठवू?" एकही फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष बघायला येणार, आणि माझं टेबल रिकामं.

"आमच्या घरी हाय एक," सरूबाई म्हणाली. "आनतो."

सकाळी तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर माझ्या हातात दिली आणि पाणी भरायला गेली. काळा-पांढरा फोटो, विशीतली बाई, स्टुडिओच्या पडद्यापुढं ताठ उभी. बहीण असेल वारलेली, असं मीच ठरवून टाकलं. हार घातला, उदबत्ती लावली, पोरांना हात जोडायला लावले.

पहिल्या बाकावरची आर्या म्हणाली, "बाई, या तर आपल्या सरूबाईच! ठिपके बघा ना."

तीन ठिपके. जिवंत बाईच्या फोटोला मी हार घातला होता. काढावा तर आणखी अशुभ, ठेवावा तर जीव टांगणीला. अध्यक्ष आले, "वा" म्हणाले, गेले. दुपारी सरूबाई तसबीर काखोटीला मारून निघाली, तेव्हा मी खिडकीआड लपले होते.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. फोन बंद. मी वर्गात पचनसंस्था शिकवत होते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. चौथ्या दिवशी वलगावची ऑटो धरली. तिच्या दारापुढं माणसांची गर्दी दिसली. मारलं मी हिला.

"अवं बाई! तुमी कायले आल्या?" झेंडूच्या ढिगामागून आवाज आला. "दसरा आला न. फुलं तोडाले मानसं लावली. सुट्टीचा अर्ज ठेवला व्हता तुमच्या टेबलावर."

अर्ज मेक्सिकोच्या झेंडूखाली पडून होता.

मी रडत रडत सगळं कबूल केलं. ती पोट धरून हसली. मग ढिगाशेजारी टेकली आणि आवाज एकदम खाली आला. "मालक गेले, त्याईचा एकबी फोटो नाही घरात. आता त्याईचं तोंड आठवाले बसतो, तं येतच नाही. मले मराचं भेव नाही बाई, याचं वाटते. म्हून माहाच फोटो देला तुमाले. म्हटलं पाहू, आपल्याले कोनी वळखते का." माझ्याकडं बघून ती म्हणाली, "तुमी नाही वळखलं. पोरीनं वळखलं."

गेल्या थंडीत सरूबाई गेली. मी माझ्या नातीला घेऊन वलगावला गेले. भिंतीवर तीच तसबीर. तिच्या सुनेनं हार पुढं केला, "बाई, तुमीच घाला."

मी तो आधी माझ्या गळ्यात घातला.

सुनेचा हात तोंडावर गेला, नातीनं माझा पदर ओढला. छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू? हार चार बोटं लांब होता. मी तो काढला, गाठ मारून आखूड केला, आणि मग तिला घातला.