कोपऱ्यावरची कॉफी

आमच्या आळीच्या कोपऱ्यावर बेकरी आहे. चार टेबलं, काचेच्या कपाटात खारी, क्रीमरोल, मावा केक. तिथल्या कॉफीचं सगळी रत्नागिरी कौतुक करते. मी कधी केलं नाही, कारण ती माझ्या मुलाला फार आवडते.

तो पुण्याला नोकरीला असतो. दोन-तीन महिन्यांनी पहाटेच्या बसने येतो आणि घरी यायच्या आधी त्या बेकरीत जाऊन बसतो. इकडे मी घावणांचं पीठ भिजवून खिडकीशी. तासाभराने शर्टावर खारीचा चुरा घेऊन येतो आणि म्हणतो, "आई, भूक नाही गं." माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नऊ महिने पोटात मी वाढवला आणि गावातला पहिला घास त्या बेकरीवालीच्या हातचा! ती माझ्याच वयाची, सदा हसतमुख. हसायला तिचं काय जातंय?

गेल्या महिन्यात मात्र तिच्याकडे जावंच लागलं. नानकटाई आम्ही बेकरीतूनच भाजून आणतो. मैदा, साखर, तूप आपलं न्यायचं आणि भाजून होईपर्यंत तिथेच बसायचं, म्हणजे आपलं घरचं तूप आपल्याच नानकटाईत जातं. मी डबे देऊन भट्टी दिसेल अशी बसले.

"वहिनी, वेळ आहे अजून. कॉफी देत्ये," ती म्हणाली आणि मी नको म्हणायच्या आत कप समोर ठेवला. पहिलाच घोट कडू लागला.

"साखर विसरलात," मी म्हटलं. चूक सापडली म्हणून मला चक्क आनंद झाला.

"अगो बाई!" ती ओशाळली. "तुमच्या लेकाची करत्ये तशीच केली हो. चार वर्षं झाली, तो बिनसाखरेचीच घेतो. मला वाटलं, तुमच्याकडे सगळेच तशी घेत असतील."

घरी मी त्याला दोन चमचे साखर घालून देते. तो निमूट पितो.

"हो, माहीत आहे मला," मी म्हटलं आणि ती कडू कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. तुपावर लक्ष ठेवायचं राहूनच गेलं.

परवा तो आला. मी कॉफी केली आणि साखरेचा डबा हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले. माझ्या मुलाला काय आवडतं ते मी तिच्याकडून शिकायचं? मुद्दाम दोन चमचे घातले.

त्याने अख्खा कप संपवला. "मस्त झालीय गं," म्हणाला.

तिच्याशी त्याला असं खोटं बोलावं लागत नाही.