सुटायला हवा तो सांधा

गहिनीनाथनं साखर कारखान्यात सगळा जन्म एकच काम केलं. पाईपाला पाईप जोडायचा आणि तो सुटू द्यायचा नाही. देवळाली प्रवरेकडचे जुने कामगार अजून सांगतात, की त्यानं आवळलेला बोल्ट काढायचा तर त्यालाच बोलवावं लागायचं. यात कौतुक थोडं आणि वैताग जास्त असायचा.

सवय उगाच लागली नव्हती. तरुणपणी एका गळीत हंगामात वाफेच्या पाईपाचा सांधा उडाला. कुणीतरी एक बोल्ट नुसता बोटानं फिरवून पाना आणायला गेला होता. तेवढ्यात वाफ सोडली. शेजारी उभा असलेला त्याचा जोडीदार कानिफनाथ जगला, पण त्याच्या तोंडाकडं पुन्हा कुणाला बघवलं नाही. तेव्हापासून गहिनीनाथ प्रत्येक सांध्याभोवती पाना घेऊन एक फेरी जास्त मारायचा. निवृत्तीनंतर ती फेरी घरातल्या नळाला आणि कुकरच्या मुठीला सुरू झाली. या घरात एक वस्तू बाईमाणसाच्या हातानं उघडत नाही, असं त्याची बायको मुक्ताबाई येईल त्याला सांगायची.

अशा माणसाच्या लेकीनं रॉकेट बनवायला घेतलं.

निकिता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, शुभांगीनं, माणसाच्या उंचीचं रॉकेट उभं केलं होतं. फायबरची नळी, खाली मोटर, वर टोपी. वर जायचं, शेंड्याला पोचलं की नळी मधे उघडायची, पॅराशूटची छत्री बाहेर पडायची आणि सगळं सावकाश खाली यायचं. देशभरातली पोरं एका मेळाव्यात रॉकेटं उडवणार होती. तिथं निवड व्हायची तर छत्री उघडल्याची चित्रफीत रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. मोटर एकच होती. आणि निकिताचं कॉलेज संपत होतं; पुढच्या वर्षी तिला कुणी विचारणार नव्हतं.

नळीला दोन सांधे होते. खालचा उड्डाणात सुटायचा नव्हता. तिथं पोलादी स्क्रू लागले, ते गहिनीनाथनं बसवले आणि त्याला बरं वाटलं. वरचा सांधा मात्र आकाशात सुटायलाच हवा. तिथं काडीसारखे बारीक नायलॉनचे स्क्रू. आत चिमूटभर फटाक्याची दारू पेटली की त्या धक्क्यानं ते तुटायचे आणि नळी उघडायची. गहिनीनाथनं आधी तिथंही पोलादी स्क्रू पुढं केले. मग मोटारीच्या दाराला असतात तसली प्लास्टिकची रिबिटं आणली. निकितानं दोन्ही परत केलं.

"अण्णा, वाटंत धरायचं आन् वर गेल्यावर मोडायचं. एवढंच त्याचं काम."

"म्हंजी मोडायसाठीच बसवायचं?"

"व्हय."

डोक्याला पटलं. हाताला पटेना. त्यानं नायलॉनचा पहिला स्क्रू बसवला आणि शेवटचा पीळ देताच डोकं तुटून हातात आलं. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याला निकितानं हसत स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि कुकर आवळायला जा म्हणून सांगितलं. अंगणात चाचणीची वेगळी नळी आडवी बांधून दारू पेटवून पाहिली, तेव्हा स्क्रू बरोबर तुटले. उरले ते उड्डाणापुरतेच.

रविवारी पहाटे सगळे पारनेरकडं निघाले. बागायतीत उसामुळं मोकळी जागा नाही. पारनेरच्या बाजूला मुक्ताबाईच्या भावाचा, रंभाजीचा, माळ होता. रॉकेट उडवायची परवानगी त्याच सकाळची होती. पिकअपच्या मागं गहिनीनाथ रॉकेट मांडीवर घेऊन बसला. रस्ता खड्ड्यांचा. माळावर पोचल्यावर पोरी रॉकेट उभं करायची सळई रोवायला पुढं गेल्या आणि याची नजर वरच्या सांध्यावर गेली. एका नायलॉनच्या स्क्रूचं डोकं किंचित वर आलं होतं.

आवळायला त्याला बंदी होती. ती त्यानं पाळली. पण ढिला दिसलेला स्क्रू तसाच सोडून पुढं जाणं त्याला येत नव्हतं. पिशवीत झटकन चिकटणाऱ्या गोंदाची कुपी होती. त्यानं प्रत्येक डोक्यावर एकेक थेंब सोडला, जोड पुसला आणि रॉकेट पोरींच्या हवाली केलं. निकितानं स्क्रूंवरून चिकटपट्टी गुंडाळली. तिचा इलाज हाच होता. हादऱ्यानं स्क्रू गळू नयेत म्हणून.

रॉकेट सळईवर चढलं. तारा जोडल्या. रंभाजीकडची बायामाणसं लांब बांधावर बसली. रंभाजी म्हणाला, "दाजी, ह्ये खाली आलं तर माझ्या म्हशीवर न्हाई ना येनार?" सगळे हसले. गहिनीनाथ हसताना हातावर हात चोळायला गेला आणि त्याचा अंगठा बोटाला चिकटला. त्यानं तो सोडवला. बोटावर गोंदाची पांढरी रेघ होती. ठिपका नव्हे, रेघ.

जोड पुसताना बोट नळीभोवती फिरलं होतं. म्हणजे गोंद डोक्यावर राहिला नव्हता. पाण्यासारखा पातळ गोंद. फटीत उतरला होता, सगळ्या बाजूनं. आता दारू पेटली तरी नळी उघडणार नव्हती. छत्री आत राहणार आणि रॉकेट पहारीसारखं खाली येणार, कुठं ते कुणालाच ठाऊक नाही. बांधावर माणसं बसली होती. त्याला कानिफनाथचं तोंड दिसलं.

कदाचित उघडेलही, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. सांगितलं आणि थांबला. लेकीची दोन वर्षं त्या नळीत होती. वारा वाढत होता. आता नाही तर नाहीच.

निकितानं मोटर पेटवायच्या पेटीला किल्ली लावली आणि उलटे आकडे मोजायला सुरुवात केली. गहिनीनाथनं हाक मारली. वाऱ्यात ती पोचली नाही. मग तो चालत गेला, धावणं त्याच्या गुडघ्यात नव्हतं, आणि रॉकेटला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

निकितानं किल्ली उपटली. पांढरीफटक पडून ती धावत आली. त्यानं गोंदाचं सांगितलं, दोन वाक्यांत. तिनं रॉकेट उतरवलं, दारूच्या तारा सोडवल्या, पट्टी काढली आणि सांधा ओढून पाहिला. शुभांगीनं एक टोक धरलं, रंभाजीनं दुसरं. नळी हलली नाही.

"तुमचं जोडलेलं सुटत न्हाई, अण्णा," ती म्हणाली. "मला आज सुटनारं पायजे व्हतं."

शुभांगीनं कापायचं सुचवलं. कापलं तर दोन्ही नळ्या जोडणारी आतली बाही जाणार आणि माळावर दुसरी बाही नव्हती. तरीही पोरी दुपारपर्यंत धडपडल्या. नख घातलं, पातं घातलं, फायबरचा टवका उडाला. वाऱ्यानं माळावरची माती उडायला लागली. रंभाजीनं भाकरी आणून ठेवली, कुणी खाल्ली नाही. शेवटी निकितानं फोन काढला, चित्रफीत येणार नाही असं कळवलं आणि पिकअपकडं पाठ करून बसली.

परतताना रॉकेट कुणाच्याच मांडीवर नव्हतं. खड्ड्यात ते आपटायचं. गहिनीनाथनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

घरी आल्यावर तिनं नळी त्याच्यापुढं ठेवली.

"इथं कापा," ती म्हणाली. "सरळ."

त्यानं करवतीला नवं पातं लावलं आणि कापलं. केसभरही वाकडं गेलं नाही. तिनं दोन्ही तुकडे घेतले, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि आत गेली. दार लावलं.

अंगणातल्या चाचणीच्या नळीला स्क्रूची भोकं तशीच होती. पुढच्या आठवड्यात गहिनीनाथ नगरला जाऊन नायलॉनचे स्क्रू शोधून घेऊन आला. स्क्रूड्रायव्हर त्यानं घेतलाच नाही. बोटानं फिरवायचं, डोकं टेकलं की सोडायचं. टेकलं तेव्हा हात आपोआप अजून जरा फिरला आणि स्क्रू तुटला. त्यानं तुटका बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. मुक्ताबाईनं विचारलं, आता कुणासाठी. त्यानं तो फिरवला. दुसराही तुटला.

खिडकीतून निकिता बघत होती, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं तिसरा घेतला.