बाबांच्या कादंबरीतली जागा

काचबिंदूनं बाबांची नजर जवळजवळ गेली, तेव्हा मी आईबाबांना लंडनमध्ये हाउन्सलोला माझ्याकडे घेऊन आले. जन्मभर पोस्टात नोकरी केलेल्या बाबांनी महिनाभरात जाहीर केलं, "मला कादंबरी सांगायची आहे. तू टाइप कर."

एअरपोर्टवरची पहाटेची शिफ्ट संपवून मी दुपारी घरी यायचे. जेवणं झाली की लॅपटॉप उघडायचे, आणि बाबा सोफ्यावर ताठ बसून सांगायला लागायचे. इंग्रजांच्या काळातली वायव्य सरहद्द. डोंगरातलं एक लष्करी ठाणं, तिथे धान्याच्या कोठारावर कारकून म्हणून गेलेला साताऱ्याचा तरुण, आणि नदीवर नाव चालवणाऱ्याची मुलगी. टोळ्यांचे हल्ले, जाळलेला पूल, पुरात घातलेले घोडे. एरवी मोजकं बोलणारा माणूस, पण तेव्हा थांबायचा नाही.

ती मुलगी विचार करताना वेणीचं टोक दातांत धरायची. हसू आलं की पाठ फिरवायची. हे सगळं बाबा जराही न अडखळता सांगत. एके दिवशी मी विचारलंच, "बाबा, ही खरी आहे ना?"

त्यांनी सोफ्याला पाठ टेकली. मग म्हणाले, "होती. आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नोकरी लागली की येतो, असं सांगून गेलो होतो. घरच्यांनी दुसरीकडे ठरवलं. मी काही बोललो नाही."

दुसरीकडे म्हणजे आई. ती दारात उभी होती, बाबांच्या डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स हातात घेऊन. "मान वर करा," एवढंच म्हणाली आणि नेहमीसारखे दोन-दोन थेंब घातले.

संध्याकाळी भांडी पुसताना तिनं हळूच विचारलं, "त्या गोष्टीत मी कुठे आहे का गं?"

"आहे ना. पुढे येतेस."

मी खोटं बोलले. दुसऱ्या दिवशी बाबांना सांगून बघितलं. ते "बघू" म्हणाले आणि पुन्हा नदीकडे वळले. मार्चमध्ये त्यांना स्ट्रोक आला. तीन दिवसांत गेले. कादंबरी अर्धीच राहिली.

पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "माझा भाग वाच की."

तो मीच लिहून ठेवला होता. कारकुनाची दृष्टी जाते, बायको त्याचा हात धरून त्याला डोंगर उतरवते, आणि तो म्हणतो, "तू होतीस म्हणून मी इथवर आलो."

आईनं शेवटपर्यंत ऐकलं. "हे त्यांचं नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत असं कधी बोलले नाहीत माझ्याशी."

मला मान वर करता येईना. मी लॅपटॉप मिटायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"थांब. ते शेवटचं वाक्य परत वाच."

मी वाचलं. तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. त्यानंतर त्या कादंबरीचं नाव तिनं कधीच काढलं नाही.